घोड्यांच्या वैरणीचा खर्च झेपेना, कडब्याला पर्याय काय?

धायरीचा_घोडीवाला:
नमस्कार मंडळी, आमच्याकडे दोन काठेवाडी घोड्या आहेत, वडिलांपासून वरातीचं काम करतो. आषाढी झाली की तुळशीच्या लग्नापर्यंत काढीव मुहूर्ताची एखाददुसरी ऑर्डर सोडली तर कमाई बंद, पण गव्हाण तर रोज दोन्ही वेळा भरावीच लागते. उन्हाळ्यात कडबा शंभर पेंढ्यांना बावीसशे रुपये या भावाने घेतला होता, काल सासवड रोडच्या व्यापाऱ्याने तीन हजार सांगितले, टेम्पोभाडं वेगळं. म्हणून गेले पंधरा दिवस कडबा निम्म्यावर आणलाय आणि भिजवलेला हरभरा न गव्हाचा कोंडा वाढवलाय. शेजारचे गवळी म्हणतात गाईंची पेंड दे, मुरघासची (बंद करून मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याची) बॅग घे, स्वस्त पडेल. चालेल का? घरचे म्हणतात थोरली विकून टाक. ती अठरा वर्षांची आहे, या वयात तिला कोण घेणार आणि घेतली तर कशासाठी घेणार ते मला माहितीय, त्यामुळे विकायची नाही हे नक्की.

पागेतला_डॉक्टर:
दादा, पेंड आणि मुरघास दोन्ही नको. गाईंच्या काही तयार खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध घातलेलं असतं, गाईला ते चालतं पण घोड्याच्या हृदयावर जातं, थोडं पोटात गेलं तरी जनावर हातचं जातं. बॅगेतल्या मुरघासात काही बिघडलं तर बोटुलिझमची, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या विषबाधेची भीती, आणि घोडा त्याला फार नाजूक. घोड्याला उलटी होत नाही हे लक्षात ठेवा, एकदा गिळलं की बाहेर काढायची सोय नाही.
आता जे करताय तेही उलटं होतंय. वैरण कमी आणि दाणा जास्त झाला की पोटशूळ होतो, नाहीतर खुरं धरतात, आणि मग औषधाला जाईल तेवढ्यात दोन महिन्यांचा कडबा आला असता. आधी वजन काढा, काटा लागत नाही, शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या, त्याला त्याच आकड्याने गुणा, मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणा आणि 11880 ने भागा. घेर 160 न लांबी 150 असेल तर साधारण 323 किलो. त्याच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे रोज पाच ते साडेसहा किलो सुकी वैरण पाहिजेच, दाणा त्यानंतर. बदल एकदम नको, आठ-दहा दिवसांत हळूहळू करा. आणि थोरलीची लीद बघा, अख्खा हरभरा पडत असेल तर दात कानशीने घासून घ्यायला झालेत, तुमचा दाणा तसाच वाया जातोय.

मंगळवेढ्याची_मालदांडी:
आमच्या बाजूने सांगतो, कडबा का महागला ते. ज्वारी पेरणारेच कमी झाले भाऊ, पाणी आलं की लोक ऊस लावतात, ज्वारी काढायला न पेंढ्या बांधायला मजूर मिळत नाही, आणि पाऊस लांबला की सगळे दूधवाले एकदमच कडब्यावर पडतात. 2023 ला पुणे जिल्ह्यातच पुरंदर, बारामती, दौंड, इंदापूर, शिरूर दुष्काळी जाहीर झाले होते, तेव्हा पैसे देऊनही माल नव्हता. कडबा घ्यायचा तो फेब्रुवारी-मार्चमध्ये, रानातून, काढणी चालू असताना. तेव्हाच तुमचा वरातीचा पैसाही हातात असतो. चौघांनी मिळून ट्रक करा, खाली लाकडं टाकून गंजी रचा, ओल लागू देऊ नका, बुरशी आलेली पेंढी घोडीला कधीच घालू नका. आणि शेकड्यावर जाऊ नका, पेंढी वजन करून घ्या, कुणाची दीड किलो भरते कुणाची अडीच, भाव मात्र दोघं एकच सांगतात.

डोणजे_पाच_गुंठे:
मी उरुळी कांचनच्या बाएफ संस्थेकडून हत्तीघासाचे ठोंब आणून पाच गुंठ्यांत लावलेत, पावसाळ्यात एका घोड्याचं बरंच भागतं. वैरण जमिनीवर टाकणं बंद केलं, जाळीत भरून टांगतो, तुडवून वाया जायची ती थांबली.

पागेतला_डॉक्टर:
हत्तीघास छान, पण त्यावरच ठेवू नका. त्यातल्या ऑक्झलेट नावाच्या घटकामुळे कॅल्शियम अंगी लागत नाही, उसाच्या वाढ्यांचंही तेच, आणि वर कोंडा जास्त असला की आणखी वाईट, काही महिन्यांत तोंडाची हाडं सुजतात. जोडीला थोडं लसूणघास द्या न गव्हाणीत मिठाचा खडा ठेवा.

धायरीचा_घोडीवाला:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज टेप लावली, थोरली 310 भरली, धाकटी 335. पेंढी तोलली तर एक किलो सहाशे, म्हणजे तीन हजारांच्या भावाने एकोणीस रुपये किलो पडतोय, इतकी वर्षं कधी तोललीच नव्हती. उद्यापासून हरभरा हळूहळू कमी करून कडबा परत घोडीमागे चार पेंढ्यांवर नेतो. थोरलीच्या लिदीत अख्खा हरभरा दिसला, डॉक्टरसाहेब, दात घासायला धायरीला याल का? आणि मालदांडीवाले भाऊ, फेब्रुवारीला आम्ही तिघं घोडीवाले मिळून ट्रक करतो, आमच्यासाठी दोन हजार पेंढ्या धरून ठेवा.