पीयूसी केमिस्ट्री: मोल आणि वायूंची गणितं कुठून सुरू करावीत? सल्ला हवाय

खानापूरकर:
नमस्कार मंडळी. मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात होती, आता बेळगावात पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) सायन्सच्या पहिल्या वर्षाला आहे. बाकीचं सगळं धरलं तिनं, पण वायूंची गणितं आली की अडते. एक मोल (ठरावीक संख्येच्या रेणूंचा गठ्ठा, डझनसारखा) वायू 22.4 लिटर भरतो म्हणे; मग 22.4 नं गुणायचं की भागायचं, यातच गुंतते. ट्यूशन लावावी, की घरीच काही जमेल?

निपाणीची_ताई:
दादा, ट्यूशनची घाई नको. मी हाच विषय शिकवते. 22.4 सध्या बाजूला ठेवा आणि गे-ल्युसॅक या फ्रेंच शास्त्रज्ञापासून सुरू करा. त्यानं 1808 मध्ये मांडलं की दाब-तापमान सारखं असेल तर अभिक्रियेत भाग घेणाऱ्या आणि तयार होणाऱ्या वायूंची आकारमानं साध्या पूर्णांकांच्या प्रमाणात असतात. 2 लिटर हायड्रोजन, 1 लिटर ऑक्सिजन, आणि तयार होते 2 लिटर वाफ. आता तिला विचारा, 3 लिटर का नाही? उत्तर लगेच सांगू नका, डोकं लढवू दे. सारख्या आकारमानात सारखेच रेणू असतात आणि ऑक्सिजनचा रेणू दुभंगून पाण्याच्या दोन रेणूंत जातो, हे इटलीच्या अ‍ॅव्होगॅड्रोनं 1811 मध्ये सुचवलं. अणुसिद्धांत मांडणाऱ्या डाल्टनला तर गे-ल्युसॅकचे आकडेच मान्य नव्हते. 1860 मध्ये जर्मनीत कार्ल्सरूहेला रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली, तिथे इटलीच्याच कॅनिझारोनं अ‍ॅव्होगॅड्रोची बाजू मांडली, त्यानंतर कुठे लोक अ‍ॅव्होगॅड्रोकडे वळले. मोठ्यांना जवळपास पन्नास वर्षं लागली, तेव्हा पोरीला आठवडाभरात कळलं नाही तर रागावू नका.

मग घरचा गॅस घ्या. त्यातला 1 लिटर प्रोपेन पूर्ण जळायला 5 लिटर ऑक्सिजन लागतो. हवेत ऑक्सिजन 21 टक्के, म्हणजे हवा झाली सुमारे 24 लिटर. बघा, मोल न काढताच गणित सुटलं. लिटरवरून लिटर काढताना तो लागतच नाही. ग्रॅम आले की मोल काढायचा: 44 ग्रॅम प्रोपेन म्हणजे 1 मोल, त्याला ऑक्सिजन 5 मोल.

शहापूरचा_पोरगा:
काका, पीयूला एनसीईआरटीचं पुस्तक आहे, त्यात 22.4 च्या जागी 22.7 दिसेल. घाबरायचं नाही. शून्य अंशाला दाब 1 अ‍ॅटमॉस्फिअर असेल तर 22.4, 1 बार असेल तर 22.7. आणि बालभारतीच्या नववीच्या विज्ञानात मोल मराठीतून आहे, पुस्तक नेटवर फुकट मिळतं. ते आधी वाचू दे.

खानापूरकर:
लई उपकार झाले. ‘3 का नाही’ विचारलं, तशी वही घेऊन बसलीय. तिचाच एक प्रश्न: आपल्या बेळगावात 1 मोल हवा किती लिटर भरेल?

निपाणीची_ताई:
वा, मस्त विचारलंय! बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर, म्हणून दाब 0.92 अ‍ॅटमॉस्फिअरच्या आसपास धरा. 25 अंशाला साडेसव्वीस लिटरच्या थोडं वर येईल. पणजीत त्याच तापमानाला साडेचोवीसच. पण आकडा तिला आत्ताच सांगू नका, पीव्ही बरोबर एनआरटी (दाब गुणिले आकारमान बरोबर मोल गुणिले वायू स्थिरांक आर गुणिले तापमान) या सूत्रात घालून तिचं तिला काढू दे. तापमान मात्र केल्व्हिनमध्ये, 298.