अनुभव धागा: अभ्यासात एआय, आणि शेजारी उघडं पुस्तक

सातारा-सांगली भागात शिकवणाऱ्यांनी आणि घरी अभ्यास घेणाऱ्यांनी इथं लिहावं. एआय चांगलं की वाईट हा वाद नको, तो चावडीवर रोज चालतो. चॅटजीपीटी येऊन (नोव्हेंबर २०२२) बरेच दिवस झाले, आता नेमकं काय बिघडतं आणि ते कसं सावरायचं एवढंच सांगा.

विज्ञान शिक्षक, विटा

पूर्ण मराठी माध्यमाच्या पोरांना फटका बसतो तो शब्दांचा. यंत्राच्या मराठीत हिंदी झिरपलेली असते. आपल्याकडे अणू जुळून रेणू होतो. हिंदीत परमाणु जुळून अणु होतो. त्यामुळे उत्तरात 'पाण्याच्या एका अणूत तीन परमाणू' असं येऊ शकतं. ते वहीत जसंच्या तसं उतरलं की मराठीत अर्थच उलटा. बहिर्वक्र भिंगाचं 'उत्तल लेन्स' होतं, अंतर्वक्र आरशाचं 'अवतल दर्पण', क्षपणाचं (इंग्रजीत रिडक्शन) 'अपचयन'. हे शेवटचं जास्त घातक, कारण अपचय हा मराठीत जीवशास्त्रातला निराळाच शब्द आहे. सेमीवाल्यांना हा जाच नाही.

उपाय असा. ई-बालभारतीवरून पुस्तकाची पीडीएफ फुकट मिळते. सगळं पुस्तक चढवू नका, धड्याची चार-पाच पानंच द्या. त्यातला मजकूर कॉपी करून चिकटवला तर पुष्कळदा अक्षरांचा नुसता चिवडा होतो, म्हणून पानाचा स्क्रीनशॉट बरा. मग ही सूचना: 'फक्त या पानांतल्या संज्ञा वापर. उत्तर सांगू नकोस. एका वेळी एकच प्रश्न विचार. माझं चुकलं तर पानावरची ओळ दाखव.' संभाषण लांबलं की यंत्र अट विसरून स्वतःच उत्तरं देऊ लागतं. तेव्हा सूचना पुन्हा चिकटवा, नाहीतर नवीन संभाषण उघडा. आणि त्यानं दाखवलेली ओळ खरंच पानावर आहे का, हे बोट ठेवून बघायचं. नसलेली ओळही ते बिनदिक्कत दाखवतं.

गणिताची शिक्षिका, कराड

गणितात उत्तर बरोबर येतं आणि गुण जातात. दहावीला ५एक्स + ३वाय = ९ आणि २एक्स − ३वाय = १२ ही समीकरणं क्रेमरच्या, म्हणजे निश्चयक काढून सोडवायच्या पद्धतीनं सोडवायची असतात, पण पद्धत न सांगता टाकली तर यंत्र सरळ बेरीज करून वायचा लोप करतं: ७एक्स = २१, म्हणून एक्स = ३, वाय = −२. पटकन होतं, पण प्रश्नात तीन निश्चयक मागितलेत: −२१, −६३ आणि ४२. पद्धतीचं नाव सूचनेत लिहिल्याशिवाय प्रश्न टाकूच नका. भूमितीत 'पक्ष, साध्य, सिद्धता या क्रमानं आणि प्रत्येक पायरीला कारण' हेही सांगावं लागतं.

फोटोचं म्हणाल, तर एका फोटोत एकच गणित, पान सपाट, उजेड खिडकीचा. ट्यूबलाइटखाली हाताची सावली पडून वजाचं चिन्ह हरवतं. प्राथमिकच्या वह्यांत देवनागरी ४ चा इंग्रजी आठ होतो आणि १ चा नऊ. म्हणून आधी 'गणित जसं दिसतंय तसं उतरव' म्हणायचं, ते तपासायचं, मगच सोडवायला लावायचं.

पालक, मिरज

बाई, 'सोडवू नको, माझी पायरी कुठं चुकली तेवढंच सांग' ही सूचना त्यात जोडा. पाचवी-सहावीला ती पुरेशी आहे.

इतिहास-भूगोल, तासगाव

स्थानिक प्रकल्पात यंत्रावर भरवसा ठेवू नये, नद्यांचे संगम तर मुळीच विचारू नयेत. कराडला कृष्णा-कोयना, माहुलीला कृष्णा-वेण्णा, हरिपूरला कृष्णा-वारणा. यांची सरमिसळ होते. हे नकाशावर बोटानं तपासता येतं, म्हणून सरावाला उत्तम. पोरांना यंत्राचं उत्तर छापून द्या आणि लाल पेननं चुका काढायला लावा.

प्रतिसरकारचा, म्हणजे १९४२ च्या लढ्यातल्या समांतर सरकारचा विषय अवघड आहे. क्रांतिसिंह नाना पाटलांचं येडेमच्छिंद्र तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. सांगली शहर तर तेव्हा पटवर्धनांच्या संस्थानात. यंत्र आजचा जिल्हा १९४२ वर चिकटवतं. प्रश्नातच साल घाला: '१९४२ मधल्या हद्दीप्रमाणे सांग.' त्यानं एखाद्या पुस्तकाचं नाव दिलं, तर ते पुस्तक नगरवाचनालयात हाताला लागेपर्यंत प्रकल्पात लिहायचं नाही.

मराठीच्या बाई, वाई

निबंध ओळखायला सॉफ्टवेअर लागत नाही. 'महत्त्वपूर्ण भूमिका बजावते', सगळे परिच्छेद एका मापाचे, ळ च्या जागी मधूनच ल, आणि पावसाळ्याच्या निबंधात ना आगोट ना भाताची लावणी. तरी एवढ्यावरून कुणावर आळ घेऊ नका. गाइड पाठ करणारी मुलंही असंच लिहितात. खात्रीचा मार्ग म्हणजे वर्गात पंधरा मिनिटांत कच्चा आराखडा हातानं लिहून घ्यायचा, निबंध घरी, आणि दुसऱ्या दिवशी दोन मिनिटं तोंडी: 'हा शब्द इथं का घेतलास?'

संगणक शिक्षक, सातारा

बाईंच्या मुद्द्याला जोडून: एआयचं लेखन पकडणाऱ्या साधनांचा निकाल पुरावा म्हणून धरू नये. ओपनएआयनं स्वतःचं असलं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागं घेतलं, आणि ते मुख्यतः इंग्रजीसाठी होतं.

चॅटजीपीटीला वयाची अट १३ वर्षं, आणि १८ पर्यंत पालकांची संमती. आपल्याकडे बहुतेक वेळा वडिलांचाच फोन आणि वडिलांचंच खातं. तिथं 'मेमरी' (आधीचं बोलणं लक्षात ठेवणारी सोय) चालू असेल तर वडिलांच्या द्राक्षाच्या फवारणीचे प्रश्न आणि मुलीचा अभ्यास एकमेकांत मिसळतात. सेटिंगमध्ये मेमरी बंद करा, आणि संभाषणं प्रशिक्षणासाठी वापरण्याची परवानगीही तिथंच काढा. गुणपत्रक, आधार, शाळेच्या ओळखपत्राचा फोटो चढवू नका. वहीचा फोटो काढताना वरचं नाव-हजेरी क्रमांक अंगठ्यानं झाकला तरी चालतं.

पालक, मिरज

सर, फुकट खात्यावर संध्याकाळी मर्यादा संपली की उत्तरं मधेच हलकी यायला लागतात, त्याचं काय?

संगणक शिक्षक, सातारा

मर्यादा संपली की काही साधनं हलक्या मॉडेलवर जातात, पडद्यावर बारीक अक्षरात तसं लिहून येतं. गणिताचं काम आधी उरका, शब्दार्थ-व्याकरण मागाहून. आणि एका फोटोला दहा वेळा 'पुन्हा सांग' म्हणण्यापेक्षा प्रश्न नीट टाइप करा, मर्यादा जास्त वेळ पुरते.