मुलाखतींचं कोडिंग सॉफ्टवेअरवर सोपवावं का?

पर्वतीपायथा: घरकाम करणाऱ्या बायकांच्या मुलाखती घेते आहे, २२ झाल्या. गटातली मुलं म्हणतात, रेकॉर्डिंग एआयला देऊ, शब्दांकन आणि कोडिंग (म्हणजे बोलण्याच्या तुकड्यांना अर्थाची लेबलं लावणं) दोन्ही मिळेल, दोन महिने वाचतील. माझा ठाम विरोध आहे. एका मावशींना विचारलं, "कामावर कसं वागवतात?" त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "बरंय की." नमुना म्हणून तेवढी मुलाखत टाकून पाहिली, तर कोड आला 'समाधानी'!

कोथरूडकर: ताई, हातानं उतरवलं असतं तरी कागदावर "बरंय की" एवढंच आलं असतं. रेकॉर्डिंग आहे म्हणून तो थांबा पुन्हा ऐकता येतो. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या संशोधकांनी पुण्यातून काम करत जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यांचा डेटाबेस झाला, ध्वनिमुद्रणं झाली, म्हणून २०१७पासून 'पारी' या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावर मुळशीतल्या बायकांचा आवाज कुणालाही ऐकता येतो. नुसत्या वह्या असत्या तर कपाटात राहिल्या असत्या. आणि एनव्हिवो या मुलाखतींच्या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोड आपणच लावायचे असतात. आपोआप कोडिंग करायची सक्ती नाही.

पर्वतीपायथा: ओव्यांचं वर्गीकरणही माणसांनीच केलं होतं. माझं म्हणणं तेच आहे.

धायरीफाटा: रेकॉर्डिंग जातं कुठं, ते आधी बघा. बोलण्याच्या ओघात मालकिणीचं नाव येतं, सोसायटीचं येतं. बाहेर फुटलं तर बाईचं काम जाईल. संमती घेताना "तुमचा आवाज परक्या कंपनीच्या सर्व्हरवर जाणार आहे" असं सांगितलंत का? वैयक्तिक माहितीचा कायदा २०२३ साली झाला, पण कायदा नसता तरी हे सांगायलाच हवं.

कोथरूडकर: व्हिस्पर हे आवाजाचं शब्दांकन करणारं एआय आपल्याच लॅपटॉपवर, इंटरनेट बंद ठेवून चालतं. मराठीत चुका होतात, हे मान्य. माझ्याकडे "खाडा धरला"चं "खडा धरला" झालं. तरी कोऱ्या पानापेक्षा दुरुस्ती सोपी.

पर्वतीपायथा: खाडा म्हणजे कामावर न गेलेला दिवस, त्याचा पगार कापतात. तोच शब्द गेला तर माझ्या विषयात राहिलं काय? शब्दांकनाचा कच्चा खर्डा लॅपटॉपवर करू देईन, पण प्रत्येक ओळ रेकॉर्डिंग लावून तपासायची. कोडिंग मात्र नाहीच.

कोथरूडकर: २२ मुलाखतींना जमेल. २०० असतील तेव्हा?

पर्वतीपायथा: २०० घ्यायच्याच कशाला? नवीन काही निघेनासं झालं की आपण थांबतो. मी अजून तिथवर पोचलेले नाही. त्या मावशींकडे रविवारी परत जाते आहे, रेकॉर्डर न घेता.