ट्रक लाईनीत शिरलात तेव्हा पहिल्यांदा काय करायला लावलं? अनुभव लिहा

घणसोलीचा_नाना
काल शिळफाट्याला नेहमीसारखंच अडकलो होतो. शेजारच्या ट्रेलरमधून एक कोवळं पोर उतरलं, हातात टामी, म्हणजे लोखंडी दांडा. एकेक टायर ठोकत, आवाजावरून हवा बघत मागपर्यंत जाऊन आलं. मागचे हॉर्न मारतायत, ह्याचं लक्षच नाही. म्हटलं, ह्याला कुणीतरी उस्ताद, म्हणजे शिकवणारा जुना ड्रायव्हर, भेटलेला दिसतोय.

मी ९०च्या दशकात कांद्याच्या गाडीवर किन्नर, म्हणजे क्लीनर, म्हणून लागलो. नाशिककडून माल भरायचा, वाशी मार्केटला खाली करायचा. पगार नव्हता. जेवण आणि उस्तादाच्या मनात येईल तो भत्ता. ताडपत्री ओढा, रस्सी ताणा, रेडिएटरला पाणी, काच पुसा, आणि रात्री उस्तादाला डुलकी लागू नये म्हणून तोंड चालू ठेवा. स्टिअरिंगला हात लावायचा नाही. कसारा उतरताना मात्र बडबड बंद, फक्त बघायचं. ज्या गिअरला घाट चढतोस त्याच गिअरला उतर, न्यूट्रल केलीस तर कानफटात. कारण नंतर कळलं. ब्रेक सारखा दाबला की लायनर तापतो आणि पकडेनासा होतो. भरलेली गाडी उतारावर इंजिननेच धरायची असते.

तुमचं कसं झालं? आताची पोरं कशी शिकतात तेही सांगा.

कळंबोली_ट्रेलर
किन्नर आहे कुठे आता नाना? कंटेनरच्या डब्याला ताडपत्री नाही, रस्सी नाही. मालक म्हणतो दुसऱ्या माणसाचा खर्च कशाला. पोरगं स्कूलच्या मैदानात आठ काढून लायसन्स घेतं आणि थेट चाळीस फुटी डबा घेऊन जेएनपीटी बंदराच्या रांगेत. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवायचं असतं हे बाजूच्या गाडीवाल्याने ओरडून सांगितल्यावर समजतं. शिव्या पोरालाच.

मुंब्रा_बायपास
+१. माझं पहिलं आठवडाभर असंच. बंदराजवळ करळ फाट्याला रांगेत रात्र गेली, डबा आत न्यायचा कागद, फॉर्म १३, कशाशी खातात माहीत नाही. पुढच्या गाडीतल्या मामांनी चहा पण दिला आणि कागद पण लावून दिले.

ऐरोलीची_मावशी
माझा भाचा १९चा आहे, बारावीनंतर घरीच. ट्रकच चालवायचा म्हणतो. कुकर लावलाय, पटकन कुणी सांगा वय किती लागतं?

खोपट_नाका
मावशी, मालवाहू गाडीला २० पूर्ण. त्याआधी एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं लायसन्स, काढून एक वर्ष झालेलं पाहिजे, मगच हेवीचं लर्निंग. डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. आठवी पासची अट २०१९ला गेली, त्याला तसंही ते नडत नाही.

काल्हेर_गोडाऊन
तोवर आमच्याकडे टेम्पो चालवू दे की.

खोपट_नाका
टेम्पो पण मालवाहूच दादा. नोव्हेंबर २०२४ला सुप्रीम कोर्टाने साडेसात टनापर्यंतची गाडी एलएमव्हीवर चालेल म्हटलं, पण वयाचं २० तसंच आहे. उद्या काही झालं तर इन्शुरन्सवाला पहिलं वय बघेल.

काल्हेर_गोडाऊन
बरं, मागे घेतो. तसंही घोडबंदरला गायमुखला अडकून म्हातारा होईल पोरगा 😂

दिघ्याची_सून
विषय थोडा वेगळा. माझे सासरे आयुष्यभर ट्रकवर. आमचं लग्न ठरताना माझ्या घरी सांगितलं होतं "ट्रान्सपोर्टमध्ये आहेत". माझ्या बाबांना वाटलं ऑफिस असेल 😄 पण सासूबाई सांगतात, दिवाळीला गाडी कुठे असेल ते कधी माहीत नसायचं. दिराने त्यामुळेच लाईन धरली नाही, एपीएमसीत हिशोब लिहितो.

मुंब्रा_बायपास
आमच्याकडे पण "लॉजिस्टिक" म्हणतात वहिनी 🙏

कळंबोली_ट्रेलर
जानेवारी २०२४ आठवतोय ना? नव्या कायद्यात हिट अँड रनला दहा वर्षं कैद म्हटल्यावर ड्रायव्हरांनी संप केला, गाड्या उभ्या राहिल्या. पंपावर रांगा लागल्या तेव्हा सगळ्यांना ड्रायव्हर आठवला, दोन दिवस. त्यानंतर आमच्या यार्डातली दोन पोरं गावी गेली ती आलीच नाहीत. आणि लोक विचारतात ड्रायव्हर का मिळत नाहीत.

घणसोलीचा_नाना
आठ तासांची ड्यूटी १९६१लाच कायद्यात आली, मोटार ट्रान्सपोर्ट कामगारांच्या. मला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगून उपयोग काय, रांगेत उभं राहणं मालक ड्यूटी धरतच नाही.

खोपट_नाका
१ ऑक्टोबर २०२५पासून बनणाऱ्या ट्रकला एसी केबिन आली, तेवढं तरी बरं.

मुंब्रा_बायपास
एसी आहे. मालकाचा फोन पण आहे, "डिझेल जास्त का लागलं?" 😭

दिघ्याची_सून
पळस्पे फाट्याला मटण कुठलं चांगलं? रविवारी गावी जाताना थांबायचंय.

काल्हेर_गोडाऊन
ज्या धाब्यासमोर ट्रक उभे नाहीत तिथे थांबू नका, बास.

कळंबोली_ट्रेलर
मावशी, भाच्याला माझ्याकडे पाठवा. स्टील मार्केटच्या उघड्या ट्रेलरला अजून माणूस लागतो, पत्र्याची गुंडाळी, कॉईल, साखळीने बांधायची असते आणि ती एकट्याने होत नाही. चालवायला देणार नाही, २० होईपर्यंत तर नाहीच. बूट मात्र जाड घालून येऊ दे, चप्पल असेल तर परत पाठवीन.

ऐरोलीची_मावशी
सांगते त्याला. डबा देऊ का बरोबर? मेथी खात नाही तो.

कळंबोली_ट्रेलर
दोन दिवसांत खाईल. भाकऱ्या चार जास्त द्या, उस्तादाच्या.