युरोपीय संघाचे करार बदलण्याआधी 'युरोपीय' समाज घडावा लागेल का?

गिरणाकाठ (जळगाव)
एम. ए.च्या चर्चासत्रासाठी युरोपीय संघातील करारसुधारणेवर टिपण लिहीत आहे. युरोपीय संसदेने २२ नोव्हेंबर २०२३ रोजी २९१ विरुद्ध २७४ मतांनी करारबदलाचा ठराव संमत केला. परराष्ट्र धोरणासारख्या विषयांत प्रत्येक देशाला असलेला नकाराधिकार कमी करावा आणि निर्णय पात्र बहुमताने (सध्याच्या व्याख्येनुसार ५५ टक्के देश व ६५ टक्के लोकसंख्या एवढा पाठिंबा) व्हावेत, हा त्यातील एक प्रमुख आग्रह होता. यातील खरी अडचण कार्यपद्धतीची आहे, की २७ देशांतील लोकांना आपण एक आहोत असे वाटतच नाही, ही आहे?

निवृत्त प्राध्यापक (धुळे)
कार्यपद्धतीची अडचण आपण समजता त्याहून मोठी आहे. करार बदलायचा तर प्रत्येक सदस्य देशाने आपापल्या राज्यघटनेनुसार त्याला मान्यता द्यावी लागते. म्हणजे नकाराधिकार काढून घेण्यासाठी तो ज्यांच्या हाती आहे त्या सर्वांचीच संमती हवी. आपल्या घटनेच्या ३६८ व्या अनुच्छेदानुसार संघराज्याच्या रचनेला हात घालणाऱ्या दुरुस्तीलाही संसदेच्या विशेष बहुमतानंतर निम्म्या राज्यांची मान्यता पुरते. तेथे सर्व राज्यांची अट असती, तर २०१६ ची जीएसटीची दुरुस्ती कधी झाली असती कोण जाणे.

अस्मितेबद्दल मात्र २००५ कडे पाहावे. 'युरोपची राज्यघटना' म्हणवणारा करार फ्रान्सने मे महिन्यात आणि नेदरलँड्सने जूनमध्ये सार्वमतात फेटाळला. त्यातील संस्थात्मक तरतुदींचा मोठा भाग २००७ च्या लिस्बन करारात परत आला. गळले ते 'राज्यघटना' हे नाव आणि ध्वज व गीत यांचा उल्लेख. सरकारांनी सत्तेची वाटणी मान्य केली, पण राष्ट्रासारखे दिसणे टाळले. माझ्या मते यातच आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे.

सातपुडा (नंदुरबार)
सर, येथे मी थोडा असहमत आहे. ध्वज वगळता येतो, परंतु मतदानात हरल्यावरही निकाल आपला मानण्याची तयारी करारात लिहून येत नाही. जर्मनीच्या घटना न्यायालयाने २००९ मध्ये लिस्बन करारावर निकाल देताना नेमके हेच दाखवले की, युरोपीय संसद एका जनतेची समान मतांवर निवडलेली प्रतिनिधी नाही. माल्टाला ६ जागा आणि जर्मनीला ९६, म्हणजे एका माल्टी मताचे वजन जर्मन मताच्या कित्येक पट.

तरीही अस्मिता एकच असावी लागते, हे मला पटत नाही. आमच्याकडे घरात भिलोरी किंवा पावरी, बाजारात अहिराणी आणि कचेरीत मराठी असे सहज चालते. जनगणनेत अहिराणी 'खानदेशी' या नावाखाली वेगळी भाषा म्हणून नोंदली जाते, म्हणून कोणी विधानसभेचा निर्णय परका मानत नाही. मात्र त्यामागे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ होती, लोक रस्त्यावर उतरले होते. युरोपात करारासाठी असे कोण उतरले?

रावेरकर
केळी पिकवणारा म्हणून एक भर घालतो. संघाने १९९४ मध्ये केळीची प्रतवारी ठरवली: किमान लांबी १४ सेंटिमीटर आणि अस्वाभाविक बाक नको. माल भरण्याआधी आम्हीही प्रतवारी करतोच. पण ब्रिटनच्या वर्तमानपत्रांनी याला ब्रुसेल्सची, म्हणजे संघाच्या मुख्यालयाची, वाकड्या केळ्यांवरची बंदी ठरवले आणि ती समजूत वर्षानुवर्षे टिकली. नियम करणारा आपला वाटला नाही की साधी प्रतवारीही जुलूम वाटते.

निवृत्त प्राध्यापक (धुळे)
रावेरकरांचा मुद्दा मान्य आहे, आणि सातपुडा यांचा प्रश्नही रास्त आहे. करारासाठी कोणी उतरले नाही, परंतु संकटात सरकारे एकत्र येतात. २०२० मध्ये महासाथीनंतर ७५० अब्ज युरोंचा निधी संयुक्त कर्जातून उभारण्याचे ठरले. त्याच्या दहा वर्षे आधीच्या युरो चलनाच्या संकटात जर्मनी व नेदरलँड्स अशा सामायिक कर्जाला ठाम विरोध करीत होते. कराराचा एक शब्दही न बदलता हे झाले आणि त्यासाठीच्या निर्णयाला २०२१ च्या मे अखेरपर्यंत सत्तावीसही देशांनी मान्यता दिली. आपल्या टिपणात या मान्यतेला २००५ च्या दोन नकारांइतकीच जागा द्यावी.