शब्दचर्चा: ‘लीन’ म्हणजे दबून राहणारा का?

कॅम्पवाली: आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तरुणांना एकेक मार्गदर्शक ठरवून देतात. हिंजवडीतली नोकरी मी माझ्या मार्गदर्शक ताईंना न विचारता घेतली, तर ऐकावं लागलं, “तुझ्यात लीनता नाही.” घरी विचारलं होतं, प्रार्थनाही केली होती. लीन आणि आज्ञाधारक एकच का?

नानापेठकर: छे. नम्र ‘नम्’पासून, वाकणारा. लीन ‘ली’ धातूपासून, चिकटणं, विरघळणं. तल्लीन, विलीन त्याच घरातले. म्हणून लीन म्हटलं की ‘कोणाच्या चरणी?’ हे आलंच. बायबलात मत्तय ११:२९ मध्ये येशू स्वतःलाच मनाचा सौम्य व लीन म्हणवतो. तो कोणाला दबून होता? त्या काळच्या धर्मपुढाऱ्यांना, परूश्यांना विचारा!

जुनीपोथी: पण पेत्राच्या पहिल्या पत्रात (१ पेत्र ५:५) तरुणांनी वडिलांच्या, म्हणजे मंडळीतल्या वडीलधाऱ्यांच्या, अधीन असावं असंही आहे. सोयीचं तेवढंच उचलू नये.

नानापेठकर: मान्य. पण त्याच वचनात पुढे सर्वांनाच नम्रतेचा कमरबंद बांधायला सांगितलंय. सर्वांत ताईही आल्या. आणि दोनच वचनं आधी वडिलांना बजावलंय, ‘धनीपण’ करू नका, कळपाला ‘कित्ते’ व्हा. काय शब्द योजलाय! ग्रीकमध्ये तिथे ‘तुपोस’ आहे, म्हणजे ठसा, नमुना. पण त्याच पत्रात २:२१ मध्ये ख्रिस्ताने कित्ता घालून दिला असं आहे, तिथला ‘हुपोग्राम्मोस’ खरोखरच मुलांनी गिरवायच्या अक्षरांचा शब्द.

पहिलीच्या बाई: जन्मभर हेच केलं. कित्ता वरच्या ओळीत, खालच्या ओळी रिकाम्या. सुरुवातीला हात धरतोच, ‘ळ’ला तर धरावाच लागतो. पण सोडला नाही, तर पाटीवर अक्षर बाईंचंच उमटतं आणि पालकांना वाटतं, पोरगं हुशार.

कॅम्पवाली: बाई, अगदी हेच. त्या म्हणतात, “मी कोण? देवानेच मला तुझ्याविषयी सांगितलं.” यावर बोलणार काय?

जुनीपोथी: आता माझंही मत हललं. ‘मी कोण’ म्हणत केलेलं धनीपण चटकन ओळखू येत नाही. उघड गर्विष्ठ माणूस परवडला.

पहिलीच्या बाई: ‘धनी’ला सरसकट नावं ठेवू नका हं. आमची आजी आजोबांना ‘आमचे धनी’ म्हणायची, आणि किल्ल्यांचा जुडगा हिच्या कमरेला.