मेलचिंप की दुसरं काही? घरच्या ग्रुपवरची चर्चा

ताई: जरा इकडे लक्ष द्या सगळे, कामाचं विचारायचंय. वह्यांच्या गिऱ्हाइकांना मेल पाठवायला कुठली सर्व्हिस घेऊ? आत्तापर्यंत साध्या जीमेलवरून सगळ्यांना बीसीसीत टाकून तुकड्यातुकड्याने पाठवायचे, परवा ६४० जणांना एकदम टाकायला गेले तर लिमिट संपली म्हणे, आणि मग दिवसभर साधे मेलही जाईनात

दादा: मेलचिंप घे. विषय संपला

मामा: थांब थांब, माझ्या ओळखीतला एकजण ५०,००० मेल आयडींची लिस्ट देतोय, ६४० ने काय होणारे

छोटू: मामा नको!!! हात जोडतो

मामा: का रे, काय झालं

छोटू: अरे विकतच्या लिस्टमध्ये बरेच पत्ते मेलेले असतात, तिथली मेल परत येतात, उरलेल्यांनी ताईचं नाव कधी ऐकलेलं नसतं ते स्पॅम दाबतात, आणि काही पत्ते तर मुद्दाम सापळा म्हणून ठेवलेले असतात, तिथे मेल पोचलं की कळतं की ह्याने लिस्ट कुठून तरी उचललीये. चांगली सर्व्हिस असेल तर खातंच बंद करते. बहुतेकांच्या नियमातच लिहिलेलं असतं, विकतची लिस्ट चालणार नाही म्हणून

मामा: बरं बाबा राहिलं

छोटू: ताई, साध्या जीमेलला दिवसाला ५०० जणांचीच मर्यादा आहे, तिथे अडकलीस तू. आणि बीसीसीत नको असलेल्याला बाहेर पडायला वाट नाही, शिवाय एखाद्या दिवशी घाईत बीसीसीऐवजी सीसीत टाकलंस की सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना

ताई: झालंय ते. गेल्या वर्षी. एकीने रिप्लाय ऑल करून "मला काढा" लिहिलं, ते सगळ्यांना गेलं, मग दुसऱ्याने सगळ्यांना "मलाही काढा", मग तिसरा "कृपया रिप्लाय ऑल करू नका" तेही रिप्लाय ऑलनेच. संध्याकाळपर्यंत चाललं होतं, मी फोन उलटा करून ठेवला

दादा: म्हणून म्हणतो मेलचिंप घे, सगळे तेच घेतात

छोटू: दादा वाईट नाहीये ते, पण सगळे घेतात म्हणून नको. ताई तू एक सांग, महिन्यात मेल किती पाठवणार?

ताई: एक. नवीन वह्या आल्या तर दोन. त्याहून जास्त लिहायला मला वेळही नाही

छोटू: मग बघ, मुख्य गोष्ट ही की ते मोजतात काय. मेलचिंप माणसं मोजतं, तू महिनाभर एकही मेल पाठवलं नाहीस तरी लिस्ट मोठी तर पैसे जास्त, आणि गंमत म्हणजे ज्यांनी अनसब्स्क्राइब केलंय तेही धरतं, तू स्वतः त्यांना आर्काइव्ह करून बाजूला काढेपर्यंत. ब्रेवो (आधी सेंडिनब्लू नाव होतं, २०२३ मध्ये बदललं) ते पाठवलेली मेल मोजतं. तुझी माणसं बऱ्यापैकी आणि मेल कमी, म्हणजे मेल मोजणारं तुला परवडेल. उलट १०० माणसं आणि रोज मेल असं असतं तर मीच माणसं मोजणारं घे म्हटलं असतं

ताई: आणि फुकट?

छोटू: ब्रेवोत फुकटात दिवसाला ३०० मेल, म्हणजे तुझ्या ६४० ला तीन दिवस लागतील. शिकायला ठीक आहे. पण फुकटचा आकडा बघून ठरवू नकोस, तो बदलतो. मेलचिंपला एकेकाळी २००० माणसं फुकट होती, नंतर टप्प्याटप्प्याने कमी करत आणली. म्हणून कुठेही गेलीस तरी महिन्यातून एकदा लिस्ट सीएसव्ही फाइलमध्ये (एक्सेलमध्ये उघडते ती साधी यादी) उतरवून स्वतःकडे ठेव, कोणी कधी बाहेर पडलं त्यासकट, नाहीतर दुसरीकडे गेलीस की जे नको म्हणाले होते त्यांनाच परत मेल जाईल

दादा: मेलचिंपमध्ये किती जणांनी उघडलं ते तरी छान दिसतं

छोटू: ते सगळीकडे दिसतं आणि त्यावर फार जाऊ नये. २०२१ पासून आयफोनच्या मेल ॲपमध्ये प्रायव्हसीची सोय चालू असेल तर ॲपल मेलमधली चित्रं आधीच उतरवून ठेवतं, आणि चित्र उतरलं की उघडलं असंच धरतात, म्हणून माणसाने बघितलं नाही तरी उघडलं अशी नोंद होते. किती जणांनी लिंक दाबली, किती जणांनी उत्तर दिलं ते बघावं

काकू: मला तर असली मेल आली की मी सरळ स्पॅम दाबते, बाहेर पडायचं ते बारीक अक्षरातलं कोण शोधत बसणार

छोटू: काकू, ताईची पण??

काकू: तिची येतात का? वह्यांची येत होती कुठली तरी, ती पण दाबली असतील

ताई: काकू!!!

काकू: अगं त्यावर तुझं नाव कुठे होतं, काहीतरी शॉप आणि नंबर असं होतं

छोटू: हसू नका, हीच खरी अडचण आहे. जीमेल आणि याहूने २०२४ च्या फेब्रुवारीपासून नियम कडक केलेत, स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत हव्यात. ६४० पैकी दोघांनी दाबलं की ०.३१. एक काकू झाली, आता अजून एकच काकू पुरे

दादा: ते दिवसाला ५००० मेल पाठवणाऱ्यांना आहे ना

छोटू: एका क्लिकमध्ये बाहेर पडायची सोय हवी आणि डीमार्क (आपल्या नावाने खोटं मेल आलं तर त्याचं काय करायचं ते सांगणारी नोंद) हवं ते दिवसाला ५००० वाल्यांना. तक्रारींचं सगळ्यांनाच आहे. आणि एसपीएफ (आपल्या नावाने कोणता सर्व्हर मेल पाठवू शकतो त्याची यादी) किंवा डीकिम (मेल खरंच आपलंच आहे अशी डिजिटल सही) पैकी एक तरी छोट्यांनाही लागतं, आपण दोन्ही करू. ताई, तुझं स्वतःचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, आहे ना, पाठवणाऱ्याचा पत्ता त्याच्यावरचाच ठेव, जीमेलचा पत्ता ठेवून दुसऱ्याच्या सर्व्हरवरून पाठवलंस तर ते खोटं वाटतं आणि स्पॅममध्ये जातं. आणि नाव माणसासारखं ठेव, शॉप नंबर नको

ताई: ठीक. ब्रेवो उघडते मग, उद्या दहाजणांना टेस्ट पाठवेन, बघा

(दुसऱ्या दिवशी)

ताई: छोटू ते डीकिम होत नाहीये, दोन तास झाले, लाल फुलीच दाखवतंय

छोटू: स्क्रीनशॉट टाक

छोटू: बघ, डोमेनवाल्याच्या साइटवर डीकिमची नोंद टाकताना नावाच्या रकान्यात तू डोमेनसकट सगळं पेस्ट केलंयस, तुझ्या डोमेनवाल्याकडे डोमेन आपोआप मागे जोडलं जातं, त्यामुळे ते दोनदा आलंय. मागचं काढ

ताई: हिरवं झालं!! एवढ्याशासाठी दोन तास. टेस्ट पाठवली बघा तुम्हा सगळ्यांना

मामा: आलं, पण जीमेलच्या त्या जाहिरातींच्या कप्प्यात, प्रमोशन्समध्ये. आणि आत काहीच नाही, पांढरा चौकोन

छोटू: प्रमोशन्समध्ये आलं ते ठीक, तू विकतीच आहेस ना. पण ताई अख्खं मेल एकच चित्र केलंयस का?

ताई: हो, पोस्टर बनवलं होतं, मेहनत घेतली होती रे

छोटू: मामाच्या फोनमध्ये चित्रं बंद असतील, म्हणून त्याला काही दिसेना. मजकूर मजकूर म्हणूनच लिही, चित्रं एकदोन, त्यालाही ऑल्ट टेक्स्ट (चित्र दिसलं नाही तर त्याजागी दिसणारे शब्द) दे. चार ओळी लिहिल्यास तरी पुरे, तू ग्रुपवर कागदाबद्दल लिहितेस तसंच लिही, ते वाचायला बरं वाटतं

दादा: आणि ते ६४० सगळे स्वतः हो म्हणालेत का गं?

ताई: ५२० जणांनी माझ्याकडून घेतलंय आणि ऑर्डरच्या फॉर्मवर मेल चालेल म्हणून टिक केलंय. बाकीचे प्रदर्शनातल्या वहीत नाव लिहून गेलेले, तिथे मेलबद्दल काही लिहिलेलं नव्हतं खरं

छोटू: मग ते १२० आत्ता टाकू नकोस

ताई: मनाला लागतंय पण बरोबर आहे. काकू, तुला मिळालं का मेल?

काकू: इनबॉक्समध्ये नाही, प्रमोशन्समध्ये पण नाही

छोटू: स्पॅममध्ये बघ

काकू: आहे की. आणि मागचं एक पण आहे. ह्यांचं काय करू?

ताई: वर नॉट स्पॅम आहे ना ते दाब

काकू: दाबलं. दुसऱ्यावरही दाबते, थांब. आणि ती निळ्या कापडाची वही आहे का अजून?